प्रतिकूल हवामानातील लहान विमानांचे अपघात

ढग, धुके, पाऊस, धुरके किंवा गडगडाटी वादळ यांत शिरल्यामुळे वैमानिकास जमीन व क्षितिज दिसेनासे होऊन, अथवा हवेच्या तीव्र ऊर्ध्वाधर प्रवाहांमुळे विमान अनावर होऊन घडणारे लहान विमानांचे व हेलिकॉप्टरांचे अपघात. कमाल उड्डाण वजन सर्वसाधारणपणे ५,७०० किग्रॅ. पर्यंत असलेल्या विमानांना लहान विमाने म्हणतात. प्रशिक्षण, खाजगी प्रवास, मान्यवरांची ने-आण, यात्रेकरूंची वाहतूक, पिकांवरील फवारणी यांसाठी ती वापरतात. या वर्गातील अपघातांची संख्या इतर अपघातांच्या मानाने मोठी नसते. परंतु ते घडले म्हणजे बहुधा कोणीही वाचत नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य आहे. इंजिन बंद पडलेले विमान एखाद्या शेतात बेताच्या वेगाने उतरविता येते. ढगात दिशाभूल झालेले विमान मात्र पूर्ण वेगाने डोंगरावर आदळते किंवा हवेतच मोडते.

मोठी प्रवासी विमाने १० किमी. किंवा त्याहून अधिक उंचीवरून, म्हणजे बहुतेक ढगांच्या वरून जातात. त्यांवर दोन वैमानिक, हवामान दर्शविणारे रडार व बर्फ वितळविण्याची यंत्रणा असते, आणि जमिनीवरून त्यांच्यावर सतत लक्ष ठेवले जाते. लहान विमानांचा वावर बव्हंशी जमिनीपासून ३ किमी. पर्यंतच्या थरात असतो व पाऊस, धुके आणि खालचे स्तरमेघ यांचा मुक्कामही याच थरात असतो. भारतात नियमित टपाल-उड्डाणास १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी प्रारंभ केला तो पावसाळा संपल्यावर. पुढे जुहूचे मैदान पावसात निकामी होई तेव्हा ही सेवा दर पावसाळ्यात पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलविण्यात येत असे. त्या काळी हवामान बिघडले की विमान जमिनीवरच थांबे, आणि त्यात कमीपणा मानला जात नसे.

उड्डाणाच्या दोन पद्धती : हवाई वाहतुकीत दृश्य नियमांनुसार व उपकरण नियमांनुसार अशा दोन रीतींनी उड्डाण करता येते. पहिल्या रीतीत वैमानिक बाहेर पाहून विमान चालवितो. क्षितिजाच्या रेषेवरून विमानाचा कल व नदी, लोहमार्ग, तलाव, गाव यांवरून आपले स्थान तो ओळखतो. दुसऱ्या रीतीत बाहेरचे काहीही न पाहता केवळ कृत्रिम क्षितिज, वळणदर्शक, तुंगतामापक, वेगदर्शक आणि रेडिओ-संकेत यांच्या आधारे विमान नेले जाते. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळी पात्रता आणि नियमित सराव यांची आवश्यकता असते. भारतात ३,००० मी. च्या खालील दृश्य उड्डाणासाठी निदान ५ किमी. दृश्यमानता लागते, तसेच ढगांपासून आडव्या दिशेत १,५०० मी. व उभ्या दिशेत ३०० मी. अंतर राखावे लागते. रात्रीच्या वेळी दृश्य नियमांनुसार उड्डाण करण्यास येथे सर्वसाधारणपणे परवानगी नसते. प्रस्तुत अपघातांची मुख्य जात म्हणजे दृश्य नियमांनुसार निघालेले विमान, ज्या स्थितीत केवळ उपकरणांनीच उडता येईल अशा स्थितीत जाणे, ही होय.

हे आकडे वरवर पाहता फार सावधपणाचे वाटतात. तथापि ताशी १८० किमी. वेगाने जाणारे प्रशिक्षण विमान सेकंदाला ५० मी. अंतर तोडते. ५ किमी. वरील टेकडी दिसल्यापासून तेथे पोहोचेपर्यंत वैमानिकाच्या हाती १०० सेकंद असतात. दृश्यमानता १ किमी. झाली की केवळ २० उरतात. माघारी फिरण्यासाठी प्रमाणित गतीने, म्हणजे सेकंदाला ३ अंश याप्रमाणे वळण घेतले, तर त्यास एक मिनिट लागते व त्या वळणाची त्रिज्या सु. ९५५ मी. भरते. अर्थात १ किमी. दृश्यमानतेत समोर दिसलेला डोंगर या वळणाने जेमतेम चुकतो, आणि २ किमी. पेक्षा अरुंद दरीत असे वळण पूर्ण होतच नाही. अधिक कल देऊन वळण आखूड करता येते, परंतु क्षितिज दिसत नसताना अधिक कल देणे हेच मुळी धोक्याचे असते.

हवामान कसे मिटत जाते : अपघाताची हकीकत ऐकणाऱ्यास विमान एकाएकी ढगात सापडले असावे असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा तसे नसते. जुलै महिन्यात अकोल्याहून यवतमाळजवळील धावपट्टीकडे निघालेल्या लहान विमानाची कल्पना करावी. निघताना अकोल्यावर ढगांचा तळ जमिनीपासून ४०० मी. उंचीवर आहे, पाऊस नाही. मूर्तिजापूरपर्यंत मुंबई–नागपूर लोहमार्ग आणि तेथून कारंजा, दारव्हा यांवरून यवतमाळला जाणारी जुन्या अरुंदमापी लोहमार्गाची रेषा (‘शकुंतला’ या नावाने हा मार्ग परिचित होता, त्यावरील वाहतूक आता बंद आहे) वैमानिकास वाट दाखविते. वऱ्हाडचे मैदान सपाट असल्यामुळे चिंतेचे कारण दिसत नाही. परंतु अकोला समुद्रसपाटीपासून सु. ३०० मी. व यवतमाळ सु. ४५० मी. उंचीवर आहे. ढगांचा तळ होता त्याच पातळीत राहिला, तरी यवतमाळच्या पठारावर तो जमिनीपासून केवळ २५० मी. उरतो. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या परिसरात वैमानिक येतो तेव्हा ढगाखाली राहण्यासाठी तो थोडा खाली आलेला असतो. पुढे जमीनच त्याला भेटायला वर येऊ लागते. त्यातच पावसाची सर लागली, की काळी ओली जमीन, करडा पाऊस व करडा ढग यांतील सीमा पुसली जाते. अडाण नदीचे वळण दिसले म्हणून धीर येतो, पुन्हा दिसेनासे होते. प्रत्येक मिनिटाला परिस्थिती आधीच्या मिनिटाहून किंचितच वाईट असते आणि मागे फिरण्यास पुरेसे असे एकही स्पष्ट निमित्त मिळत नाही.

जमिनीलगतची हवा चांगली मिसळलेली असताना हवेचे तापमान व दवबिंदू यांतील प्रत्येक १° से. फरकामागे ढगांचा तळ सु. १२५ मी. उंचीवर असतो. पावसानंतर तापमान २५° से. व दवबिंदू २३° से. असल्यास तळ सु. २५० मी. येईल. हा हिशोब कच्चा असला, तरी ज्या धावपट्टीवर वातावरणवैज्ञानिक निरीक्षणे घेतली जात नाहीत तेथे तो उपयोगी पडतो. संध्याकाळी तापमान उतरून दवबिंदूस गाठते तेव्हा काही मिनिटांतच धुके पडू शकते, हेही त्यावरून ध्यानात येते.

संवेदनभ्रम : क्षितिज नाहीसे झाल्यावर वैमानिकाचे शरीर त्याला खोटी साक्ष देऊ लागते, हे या अपघातांचे मर्म होय. मनुष्य तोल सांभाळतो तो डोळे, स्नायू व सांधे यांतील संवेदना आणि अंतःकर्ण या तिन्हींच्या साहाय्याने. त्यांत डोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिकांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळतात, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो व त्यामुळे सूक्ष्म केस वाकून वळल्याची जाणीव होते. ही योजना जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी आहे. सेकंदाला सु. २ अंशांपेक्षा सावकाश होणारे वळण तिला कळत नाही. वळण १० ते २० सेकंद एकाच गतीने चालू राहिले, तर द्रव नलिकेइतक्याच गतीने फिरू लागतो व वळण थांबल्याचा भास होतो. या अवस्थेत विमान खरोखरच सरळ केले, तर ते उलट दिशेला वळत आहे अशी तीव्र जाणीव होते आणि वैमानिक त्यास पुन्हा मूळ वळणात घालतो.

बसल्या जागी शरीरास जाणवणारा भारही फसवितो. नीट साधलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण व केंद्रोत्सारी प्रेरणा यांचे फलित आसनाच्या दिशेनेच असते. म्हणून कललेल्या विमानातील पाण्याचा पेलाही हिंदकळत नाही. वेग एकदम वाढला, की नाक वर उचलले गेल्याचा भास होतो व वैमानिक ते खाली दाबतो. धावपट्टी सोडताच ढगात शिरलेल्या विमानांच्या बाबतीत हा भ्रम विशेष घातक ठरतो.

अशा वेळी बहुधा पुढील क्रम घडतो. विमान नकळत एका बाजूस कलते. कललेल्या विमानाची उद्धरण प्रेरणा तिरपी झाल्याने ते उंची गमावते व त्याचा वेग वाढतो. वैमानिकास तुंगतामापकाचा काटा उतरताना दिसतो. आपण सरळ जात आहोत अशी त्याची खात्री असल्यामुळे तो विमान वर आणण्यासाठी दांडा मागे ओढतो. विमान कललेले असल्यामुळे ते वर न येता वळण अधिकच आवळले जाते. ६० अंश कलात पंखांवर वजनाच्या दुप्पट, तर सु. ७५ अंशांत चौपट भार येतो. सामान्य वर्गातील लहान विमानांची रचना वजनाच्या ३·८ पट भाराच्या हिशोबाने केलेली असते. तेव्हा विमान एकतर मळसूत्री मार्गाने जमिनीवर आपटते किंवा त्याचे पंख वा शेपूट तुटते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये या विषयावर एक प्रयोग झाला. उपकरण-उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, शेजारी शिक्षक बसवून, बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था केलेल्या विमानात चालवावयास बसविले. विसांपैकी एकासही विमान ताब्यात ठेवता आले नाही. १९ जण मळसूत्री वळणात गेले व एकाने नाक अति वर उचलून विमानाचा आधार घालविला. ताबा सुटण्यास कमीत कमी २० व जास्तीत जास्त ४८० सेकंद लागले. सरासरी १७८ सेकंद. ‘१७८ सेकंद’ हा आकडा तेव्हापासून जगभरच्या वैमानिकांच्या तोंडी आहे. प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच व्यक्तींना मोजक्या उपकरणांकडे पाहून सावकाश अर्धे वळण घेऊन माघारी फिरण्याची एक साधी रीत शिकविल्यावर, पुढील ६० चाचण्यांपैकी ५९ चाचण्यांत ते सुखरूप परत फिरले. प्रयोगाचा मूळ हेतू ही रीत तपासण्याचाच होता. लोकांना मृत्यूचा आकडा लक्षात राहिला, उपाय राहिला नाही.

अनुभवी वैमानिकही या भ्रमापासून मुक्त नसतो. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबॅसस येथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह ९ जण हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले. वैमानिकाकडे उपकरण-उड्डाणाची पात्रता होती, मात्र त्याच्या कंपनीला तशी उड्डाणे करण्याची मुभा नव्हती. ढगांच्या वर जाण्यासाठी आपण चढत आहोत असे त्याने नियंत्रकास सांगितले, त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ्. केनेडी (कनिष्ठ) यांचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले. तेथे ढगही नव्हते. समुद्रावरील धुरक्यात पाणी व आकाश एकरूप झाले होते, इतकेच.

डोंगर व पर्जन्य : विमान पूर्णपणे ताब्यात असताना, न दिसलेल्या जमिनीवर आदळणे हा अपघाताचा दुसरा प्रकार होय. महाराष्ट्रात त्याचे क्षेत्र सह्याद्री आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे डोंगरास अडून वर चढतात व थंड होतात. त्यामुळे जून ते सप्टेंबरपर्यंत घाटमाथा दिवसचे दिवस ढगांत बुडालेला असतो. कोकणपट्टीवरून पाहताना ढगांचा तळ बऱ्यापैकी उंच दिसतो, तोच ढग माथ्यावर जमिनीला टेकलेला असतो. पुणे–मुंबई हे हवाई अंतर सु. १२० किमी. इतके थोडे असल्यामुळे विमान वर चढते न चढते तोच उतरू लागते, आणि हे उतरणे नेमके घाटाच्या परिसरात होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८ जातीचे विमान खराब हवामानात पनवेलजवळील किरोली टेकड्यांवर आदळले व त्यातील सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले. हे विमान लहान वर्गातील नसले, तरी आजच्या मानाने मध्यमच म्हणावे लागेल. त्यापूर्वी ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया कंपनीचे डीसी-८ हे मोठे जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण दगावले होते. तेथे मूळ चूक स्थाननिश्चितीची होती. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे समजून विमान लवकर उतरविण्यात आले. उपकरणे असली तरी जमीन कोठे आहे याची कल्पना चुकल्यास ती वाचवू शकत नाहीत, हे त्यावरून दिसते.

अलीकडे मुळशी–पुणे भागात हेलिकॉप्टरांचे दोन अपघात लागोपाठ झाले. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईहून हैदराबादला जाणारे हेलिकॉप्टर पौडजवळ पावसात कोसळले. त्यातील चौघेही वाचले, हा अपवादच म्हटला पाहिजे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी धुके असताना पुण्यातील बावधन येथून मुंबईकडे निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांत पडून दोन वैमानिक व एक अभियंता ठार झाले. पाऊस ओसरल्यानंतरच्या निरभ्र, निवांत पहाटे दऱ्यांत धुके साचते व सूर्य वर आल्यावर तासा-दोन तासांत ते विरते.

तुंगतामापक हा वस्तुतः वायुदाबमापकच असतो, ही गोष्टही विसरता येत नाही. जमिनीजवळ १ हेक्टोपास्कल दाबास सु. ८ मी. उंची असे प्रमाण पडते. जास्त दाबाच्या प्रदेशातून निघून कमी दाबाच्या क्षेत्रात शिरल्यावर उपकरण नव्या दाबास जुळवून घेतले नाही, तर ते खऱ्यापेक्षा अधिक उंची दाखविते. ६ हेक्टोपास्कल फरकास ही चूक जवळजवळ ५० मी. होते. खराब हवामान हे सामान्यतः कमी दाबाबरोबर येत असल्याने चूक नेहमी नको त्या बाजूला पडते.

गडगडाटी वादळे : विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारनंतर उद्भवणारी वादळे हा निराळाच शत्रू आहे. येथे प्रश्न दिसण्याचा नसतो. वादळी ढगाचा ऐरणीसारखा माथा दुरून स्पष्ट दिसतो. या ढगांत एकमेकांलगत वर जाणारे व खाली येणारे प्रवाह असतात, गारा असतात, आणि हिमांकाच्या वर पंखांवर बर्फ धरते. ढगाखाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तीत शिरणाऱ्या विमानास प्रथम समोरचा वारा मिळून उद्धरण वाढते, लगेच खाली दाबणारा झोत लागतो आणि नंतर पाठीमागचा वारा मिळून उद्धरण घटते. उतरणाऱ्या लहान विमानास हे तीन बदल मिनिटाच्या आत सोसावे लागतात. दोन वादळांमधील फट पाहून त्यातून निसटण्याचा मोह अनेकांना होतो. ती फट विमान मध्यावर असतानाच मिटू शकते.

माजी केंद्रीय मंत्री माधवराव शिंदे यांचा मृत्यू अशाच दिवसांत झाला. ३० सप्टेंबर २००१ रोजी दिल्लीहून कानपूरला सभेसाठी जात असता त्यांचे बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० हे दोन इंजिनांचे विमान खराब हवामानात उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात कोसळले. विमानातील सर्व ८ जण मरण पावले. त्यांत वार्ताहरही होते. पंजाबचे राज्यपाल सुरेंद्रनाथ यांचे विमान ९ जुलै १९९४ रोजी हिमाचल प्रदेशातील डोंगरावर आदळून १३ जणांचा अंत झाला. लोकसभेचे सभापती जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी आंध्र प्रदेशात कैकलूरजवळ, दृश्यमानता कमी असताना झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमल्ला डोंगरांत पडले. चौकशी समितीच्या निष्कर्षानुसार दंतचक्रपेटीतील तेलाच्या दाबासंबंधीची एक सूचना दिसल्यावर वैमानिकांची बहुमोल मिनिटे पुस्तिका चाळण्यात गेली, आणि त्या अवधीत हेलिकॉप्टर वादळी ढगाच्या खाली दाबणाऱ्या प्रबळ झोतात सापडले.

हिमालयातील यात्रा-उड्डाणे : केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मी. उंचीवर असून तेथे जाणारी हेलिकॉप्टरे मंदाकिनीच्या अरुंद दरीतून, केवळ दृष्टीच्या भरवशावर ये-जा करतात. दरीतील हवामान क्षणोक्षणी बदलते. ढग वरून उतरतोच असे नाही, तो पायथ्याकडून दरीतून वरही सरकतो व परतीची वाट बंद करतो. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी गरुडचट्टीजवळ ढगांत सापडलेले हेलिकॉप्टर डोंगरावर आदळून वैमानिकासह ७ जण दगावले. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीस परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडले. दरीत त्या वेळी ढग व धुके दाटले होते. वैमानिकासह ७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील यात्रेकरूही होते. त्यानंतर हेलिकॉप्टर सेवा दोन दिवस थांबविण्यात आली. पायी किंवा घोड्यावरून करावयाची चढण काही मिनिटांत संपविणारी ही सेवा वृद्धांना व लहान मुलांबरोबरच्या कुटुंबांना साहजिकच सोयीची वाटते. ज्या आकाशातून आपण जात आहोत त्याची परीक्षा करण्याचे कोणतेही साधन प्रवाशाजवळ नसते. तो तिकीट काढतो तेव्हा ती परीक्षा दुसऱ्या कोणी केली आहे असे धरून चालतो. सैनिकी वैमानिकांनाही अशा दऱ्या चकवितात. ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ झालेल्या ज्या अपघातात सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण दगावले, तो हवामानातील अनपेक्षित बदलामुळे हेलिकॉप्टर ढगात शिरून वैमानिकाचे दिशाभान हरपल्याने झाला, असे सैन्यदलांच्या चौकशीत आढळले.

निर्णय : वरील बहुतेक उदाहरणांत हवामान बिघडलेले असल्याची माहिती उड्डाणापूर्वी किंवा उड्डाणात मिळू शकत होती. म्हणून केवळ ‘खराब हवामानामुळे अपघात’ असे म्हणणे अपुरे ठरते. हवामान नेहमीच अधूनमधून खराब असते. पुढे जाण्याचा निर्णय का घेतला जातो, हा खरा प्रश्न आहे. ठरलेली योजना रेटत नेण्याची मनुष्याची प्रवृत्ती प्रवासाचा शेवट जवळ येईल तशी बळावते, असे वैमानिकी मानसशास्त्रात आढळून आले आहे. ज्याने याच हवामानात पूर्वी चारदा मार्ग काढला आहे तो पाचव्या वेळी अधिक निर्धास्त असतो, वास्तविक चार वेळा त्यास दैवाने साथ दिलेली असते. आसनावर मंत्री वा उद्योगपती असला, सभेस हजारो लोक जमले असले, अथवा हंगाम चार महिन्यांचा व रांगेत यात्रेकरू उभे असले, म्हणजे कोणी उघड आग्रह न करताही वैमानिकावर भार पडतो. परत फिरलेल्या वैमानिकाचा निर्णय बरोबर होता हे कधीच सिद्ध होत नाही. उशीर झाला एवढेच सर्वांना दिसते. विमान चालविण्याचा अंतिम अधिकार कायद्याने वैमानिकाचाच असतो. पण नोकरी देणाराच प्रवासीही असतो तेव्हा हा अधिकार कागदावर राहण्याचा संभव असतो. याच कारणास्तव काही संस्था हवामानाच्या किमान मर्यादा आगाऊ लिहून ठेवतात व त्या ओलांडल्यास उड्डाण आपोआप रद्द समजतात. ‘नाही’ म्हणण्याचे काम त्या कागदाकडे जाते.

उपाय : प्रशिक्षणार्थी वैमानिकास उपकरणांवर विमान चालविण्याचे थोडे तास परवान्यासाठी करावेच लागतात. पण हे कौशल्य सरावाविना फार लवकर गंजते. अनवधानाने ढगात शिरल्यास प्रथम पंख समतल करणे, शरीराची साक्ष बाजूस ठेवून कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवणे, डोंगराळ भागात सुरक्षित उंचीपर्यंत चढणे व सपाट भागात सावकाश माघारी वळणे, आणि ताबडतोब नियंत्रकास कळविणे, हा क्रम शिकविला जातो. स्वयंचलित चालक असल्यास तो तत्काळ लावणे श्रेयस्कर असते, कारण त्यास अंतःकर्ण नसते. उपग्रहांवर आधारित नकाशे, भूप्रदेशाविषयी इशारा देणारी यंत्रे व पडद्यावर डोंगरांचे चित्र उभे करणारी साधने आता लहान विमानांतही बसविता येतात. त्यांचा लाभ निःसंशय आहे. मात्र अशा साधनांच्या बळावर पूर्वी ज्या हवामानात कोणी निघाले नसते त्यात निघण्याचे धाडसही वाढते.

हवामानाची माहिती हा या उपाययोजनेतील दुबळा दुवा आहे. भारतीय वातावरणवैज्ञानिक खाते (स्थापना १८७५) प्रमुख विमानतळांसाठी निरीक्षणे व पूर्वानुमाने नियमितपणे प्रसृत करते, आणि मुंबई, नागपूर येथील डॉप्लर रडारे वादळांचा माग घेतात. परंतु लहान विमाने जेथे उतरतात त्या धावपट्ट्या, सभेसाठी एका दिवसापुरती आखलेली हेलिकॉप्टर-तळाची वर्तुळे व डोंगरातील खिंडी येथे निरीक्षक नसतो. तेथील परिस्थिती दूरध्वनीवरून स्थानिक माणसास विचारली जाते व ‘पाऊस नाही, स्वच्छ आहे’ असे उत्तर येते. ढगांचा तळ किती मीटरवर आहे हे जमिनीवर उभ्या असलेल्या अनभ्यस्त माणसास सांगता येत नाही. खिंडींत व दऱ्यांत छायाचित्रक बसवून त्यांची चित्रे वैमानिकांना उड्डाणापूर्वी दाखविण्याची पद्धत अलास्कात रूढ असून ती तुलनेने अल्पखर्ची आहे.

भारतात विमान अपघातांचे अन्वेषण २०१२ मध्ये स्थापन झालेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाकडे आहे. पुष्कळशा लहान विमानांवर उड्डाणाची नोंद करणारी पेटी नसते, त्यामुळे अन्वेषकास अवशेषांवरूनच कथा जुळवावी लागते. आदळण्याच्या क्षणी उपकरणांचे काटे तबकडीवर ठसा उमटवितात, त्यावरून वेग व उंची कळते. पंख्याच्या पात्यांचा पीळ व झाडांवरील काप यांवरून इंजिन जोर देत होते की नाही हे ठरते. कृत्रिम क्षितिजातील घूर्णीचे चक्र फिरत असताना कवच चेपले, तर चक्रावर वर्तुळाकार ओरखडे पडतात; चक्र थांबलेले असेल तर पडत नाहीत. ढगात दिशाभूल होऊन पडलेल्या विमानांच्या अवशेषांत असे ओरखडे आढळतात, तेव्हा ते उपकरण अखेरच्या क्षणापर्यंत चालू होते असे अनुमान निघते.